हळदीकुंकू बदकाच्या मागावर: बोरिवली, पवई, भांडुप, निर्मळ

मुंबईतले पक्षी म्हटले की आधी फ्लेमिंगोचं नाव निघतं, आणि ते साहजिकच आहे. पण ते पाहुणे. पाऊस तोंडावर आला की बहुतेक थवे निघून जातात. मला ओढ आहे ती बाराही महिने इथेच संसार करणाऱ्या एका तपकिरी, ठिपकेदार बदकाची. हळदीकुंकू बदक, कुणी त्याला धनवरही म्हणतं. नदीचा संथ डोह, तलाव, भातखाचर, जिथे गोडं पाणी आणि काठाला गवत तिथे हे बदक. तिन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या शहरात ते कुठे आणि कशाच्या आधारावर टिकलंय, हे एकदा सलग फिरून बघायचं कधीपासून मनात होतं.

यंदा भाऊबीज झाल्यावर भाची साताऱ्याहून राहायला आली आणि निमित्त मिळालं. अकरावीत आहे, जीवशास्त्राची आवड आहे. बेत ऐकून म्हणाली, "मावशी, अगं हे बदक संगम माहुलीला कृष्णेत रोज दिसतं. त्यासाठी मुंबईत हिंडायचं?"

म्हटलं, म्हणूनच हिंडायचं. कृष्णेसारखी नदी असली की बदक असणारच. आपल्या नद्यांचं काय झालंय ते बदकाकडूनच कळेल.

शुक्रवार, बोरिवली

मुंबईच्या चार नद्या, मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा. चारींचा उगम बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागूनच्या डोंगराळ भागात. त्यातली दहिसर नदी तुळशी तलावाच्या सांडव्यातून निघते. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली, आणि शहराला आजही त्यांचं पाणी मिळतं. दोन्हींच्या काठावर आपल्याला मोकळेपणी जाता येत नाही. त्यामुळे आम्ही नदीच गाठायची ठरवली. शिलोंढ्याच्या पायवाटेसाठी उद्यानाची परवानगी काढली होती, सोबत वनखात्याचा वाटाड्या होता.

पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे ओढ्याला धार होती. काळ्या कातळावरून पाणी घसरत होतं आणि तळाची वाळू दिसत होती. हीच पुढे दहिसरच्या पुलाखालची नदी, हे भाचीला पटेना. खंड्या दिसला, दगडावर शेपटी हलवत करडा धोबी दिसला, तुतवार दिसली. बदक मात्र एकही नाही, आणि ते मला अपेक्षितच होतं.

इथे जरा थांबून सांगते. नदीतली बदकं एकाच प्रकारची नसतात. आफ्रिकेत या बदकाचा एक नातलग आहे, ब्लॅक डक, शास्त्रीय नाव अ‍ॅनास स्पार्सा. तो खरा वाहत्या नदीचा जीव. झाडीच्या सावलीतल्या, खडकाळ, खळाळत्या नद्यांवर एकेक जोडी आपला पट्टा वर्षभर राखून असते आणि दुसऱ्या जोडीला त्यात फिरकू देत नाही. शिलोंढ्याचा ओढा त्याला मानवला असता. आपल्याकडे अशा धावत्या पाण्यात बदक बघायचं तर हिमालयाच्या पायथ्याशी जायचं. तिथल्या नद्यांवर हिवाळ्यात मर्गॅन्सर उतरतात, बुडी मारून मासे धरतात. त्यांची चोच निमुळती आणि करवतीसारखी दातेरी असते. आमचं हळदीकुंकू बुडी मारून शिकार करणारं नव्हे. त्याला नदी हवी ती संथ झालेली, गाळ बसलेली, काठाला लव्हाळी आणि पाणगवत माजलेली. डोंगरातून उतरून नदी सपाटीला लागते तिथे त्याचं घर असायला हवं.

आणि मुंबईत नेमकी तिथेच नदी संपते. दुपारी आम्ही उद्यानाबाहेर पडून दहिसर नदीच्या कडेने थोडं चाललो. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, पाण्यात सांडपाणी आणि गोठ्यांचं शेण. बगळे होते, कावळे होते. काठ म्हणावा असा उतार मात्र कुठे नव्हता. अंडी घालायला या बदकाला पाण्यालगत गवताचं दाट बेट लागतं, जमिनीवरच. भिंतीवर ते कुठे घालणार? फार वेळ थांबलो नाही.

शनिवार, पवई

गोरेगावहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पवईला पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पवईचा तलाव १८९१च्या सुमाराचा. त्याचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही म्हणून ते इतर कामांना वापरतात, पण पक्ष्यांच्या दृष्टीने मुंबईच्या पोटातलं गोड्या पाण्याचं हे सगळ्यात मोठं उघडं दुकान. पावसाळ्यात विहार आणि पवई भरून वाहू लागले की तेच पाणी मिठी नदी होऊन सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने शहराला आपली ओळख करून दिली. त्यानंतर तिच्याही काठांवर भिंती चढल्या.

जलपर्णी बरीच पसरली होती. तिच्यावर कमळपक्षी लांब बोटं टाकत चालले होते, कडेच्या रामबाणाच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या ओरडत होत्या, मोकळ्या पाण्यात वारकरी होते. वारकरी पोहतो बदकासारखा, पण तो बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातला. मग शिट्ट्या वाजवत अडईचा एक थवा डोक्यावरून गेला. अडईला आपण बदक म्हणतो, तरी ती मूळ बदकांपासून फार पूर्वी वेगळी झालेली शाखा आहे. लांब मान, लांब पाय, झाडावर बसायची सवय आणि क्वॅक-क्वॅकच्या जागी शीळ.

हळदीकुंकू भाचीला आधी दिसलं. जलपर्णीच्या कडेला चिखलाची एक पट्टी होती, तिच्यावर एक जोडी उभी. दुर्बीण तिवईवर लावली आणि पुढचा तास आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

लांबून हे बदक नुसतं मातकट दिसतं. जवळून पाहिलं की कळतं, अंगावरच्या प्रत्येक पिसाला फिकट काठ आहे, मानेवर बारीक ठिपके आहेत, आणि डोळ्यातून मागे गेलेली गडद रेघ आहे. चोच काळी. टोकाला एकसारखा पिवळा पट्टा, आणि कपाळाला चोच जिथे मिळते तिथे दोन बाजूंना दोन लालभडक ठिपके. नराचे ठिपके ठसठशीत, मादीचे थोडे लहान. पाय शेंदरी. बसलेलं असताना पाठीच्या खालच्या अंगाला पंखातली काही पांढरी पिसं उघडी राहतात, आणि दुर्बीण नसली तरी तेवढ्या पांढऱ्या खुणेवरून ओळख पटते. पुरं वाढलेलं बदक चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ६० सेंटिमीटर.

ती जोडी पाण्यात उतरली आणि खायला लागली. चोच पाण्याच्या पातळीवर आडवी धरायची आणि भराभर उघडझाप करत पुढे सरकायचं. चोचीच्या कडांना आतून कंगव्यासारखे बारीक दाते असतात. जीभ पंपासारखी पाणी आत ओढते, दात्यांतून बाहेर टाकते, आणि बी, शेवाळ, किडे आत राहतात. दुर्बिणीतून चोचीच्या दोन्ही कडांनी निथळणारं पाणी स्पष्ट दिसत होतं, त्यात मिसळलेला गाळही. खोल पाण्यात गेली की डोकं खाली, शेपूट वर. मोठ्यांचा आहार मुख्यतः वनस्पतींचा, पण पिल्लांना सुरुवातीला किडेच लागतात, कारण वाढायला प्रथिनं हवीत. म्हणजे पाण्यात किडे जगायला हवेत. पाण्याच्या प्रकृतीची याहून सरळ परीक्षा मला माहीत नाही.

थोड्या वेळाने लव्हाळीतून आणखी पाच बाहेर आली. अंगाने आईएवढी, चोचीवर मात्र लाल ठिपके नाहीत. यंदाच्या पावसाळ्यातली पिल्लं! मला इतका आनंद झाला की शेजारी गळ टाकून बसलेल्या गृहस्थांनी वळून पाहिलं. त्यांनाही दुर्बिणीतून दाखवली. ते म्हणाले, "ताई, श्रावणात ही एवढीशी होती. आईच्या मागे रांगेत. तेव्हा जास्त होती, नऊ की दहा." बाकीची कुठे गेली हे विचारायची गरज नव्हती. पवईत मगरी आहेत, घारी आहेत, काठावर भटकी कुत्री आहेत. म्हणून तर हे बदक एका वेळी सात-आठपासून डझनापर्यंत अंडी घालतं. साडेतीन-चार आठवडे मादी एकटी उबवते, आणि पिल्लं अंड्यातून निघाल्यावर दिवसाभरात पाण्यावर. घरट्यापासून पाण्यापर्यंतचा तो पहिला प्रवास पायी असतो. वाटेत भिंत आली की तो तिथेच संपतो.

त्या गळवाल्या काकांच्या जवळच चिखलात भाचीला एक पीस सापडलं. वीण आटोपली की बदकं पंखातली मोठी पिसं एकदम टाकतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही. तेव्हा लपायला काठचं गवत हाच आसरा. पीस बोटाएवढं, एक बाजू राखाडी, दुसरी हिरवी. तिने ते उन्हात फिरवलं. हिरवा रंग एका कोनात झळाळला, दुसऱ्या कोनात निळसर झाला आणि अगदी आडवं धरल्यावर काळा पडला. त्या पिसात हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या तंतूंमध्ये सूक्ष्म थर रचलेले असतात, त्यांच्यावरून प्रकाश परततो तेव्हा काही रंग वाढतात आणि काही एकमेकांना मारतात. भाचीने फोटो काढले आणि पीस होतं तिथे ठेवून दिलं.

मग तिने मला हवा तो प्रश्न विचारला. "मावशी, नर-मादी दोघं सारखीच कशी? पुस्तकात तर नराचं डोकं हिरवं असतं."

पुस्तकातलं ते मॅलार्ड, आणि ते या बदकाचं सख्खं नातलग. मॅलार्ड उत्तर गोलार्धातलं, थंडीत दक्षिणेकडे उतरणारं. भारतात त्याची वीण होते ती काश्मिरात, आपल्याकडे ते क्वचितच येतं. त्याच्या नराचं डोकं हिरवंगार, गळ्यात पांढरं कडं, मादी मातकट. पण याच घराण्यातली जी बदकं उष्ण प्रदेशात किंवा बेटांवर कायमची स्थायिक झाली, त्यांच्यात नरही साधेच आहेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं पॅसिफिक ब्लॅक डक, तांबूस डोक्याचं फिलिपीन डक, आफ्रिकेतलं पिवळ्या चोचीचं बदक, मादागास्करचं मेलर्स डक, हवाई बेटांवरचं कोलोआ, आणि आपलं हळदीकुंकू. स्थलांतर करणाऱ्या बदकांना दर हिवाळ्यात थोडक्या दिवसांत जोडीदार निवडावा लागतो, तिथे नराच्या भडक रंगाचं काम असतं असं मानतात. जे एकाच पाण्यावर वर्षभर राहतात त्यांच्यात जोड्या निवांत जमतात, भडक रंग शिकाऱ्यांच्या नजरेत तेवढा भरतो. मला ही मांडणी पटते. त्या जोडीकडे पाहत असताना तर फारच पटली, कारण नर दहा पावलांवरच्या लव्हाळीत शिरला आणि डोळ्यांदेखत दिसेनासा झाला.

सगळ्यात जवळचं भावंड पूर्वेला आहे. चीन, कोरिया, जपानमधलं पूर्वेकडचं हळदीकुंकू, अ‍ॅनास झोनोरिंका. चोचीच्या टोकाला पिवळं आहे, लाल ठिपके नाहीत, आणि पंखावरचा पट्टा हिरव्याऐवजी निळा. बरीच वर्षं दोघांना एकाच जातीचे दोन प्रकार मानत. पण हाँगकाँगच्या परिसरात दोन्ही एकाच जागी वीण करताना आढळली आणि त्यांच्यात मिश्र जोड्या फारच थोड्या निघाल्या, त्यामुळे आता ती वेगळी जात धरतात. टोकियोच्या ओतेमाची भागात, कार्यालयांच्या गर्दीत, एका इमारतीसमोरच्या लहानशा तळ्यात १९८०च्या दशकात या बदकाने पिल्लं काढली. आई पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडून राजवाड्याच्या खंदकाकडे निघायची तेव्हा वाहनं थांबवली जायची आणि बघायला लोक लोटायचे. शहर आणि बदक यांचं जमू शकतं, याला याहून मोठा दाखला कशाला हवा.

पवईच्या काठावर सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता. मे २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितलं. तेव्हा बरेच जण म्हणाले, चार लोकांनी सायकल चालवली तर बिघडलं काय? त्यांना मी त्या पाच पिल्लांसमोर उभं केलं असतं. तलाव म्हणजे नुसतं पाणी नव्हे. ओली-सुकी होणारी काठाची ती वीस-पंचवीस पावलं जमीन हाही तलावच, आणि या बदकाचं अर्धं आयुष्य तिथे जातं.

रविवार, भांडुप

भांडुप पंपिंगला जायचं तर भांडुप किंवा नाहूरला उतरून रिक्षा करायची आणि पूर्व द्रुतगती मार्ग ओलांडायचा. पुढे कांदळवनातून गेलेला रस्ता, दोन्हीकडे तळी, आणि शेवटी ठाण्याची खाडी. खाडीचा हा पट्टा २०१८पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, १,६९० हेक्टरचं, आणि २०२२मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. सुट्टीचा दिवस, त्यामुळे मोठाल्या लेन्सा घेतलेली बरीच मंडळी होती. फ्लेमिंगो अजून आले नव्हते, सगळे ओहोटीची वाट बघत चिखलपक्ष्यांवर वेळ काढत होते.

आम्हाला हवी होती तळी. तिथे पाहुणी बदकं उतरायला लागली होती. भुवई बदकं सगळ्यांच्या आधी येतात, त्यांचा बऱ्यापैकी थवा होता. या दिवसांत नरांच्या पांढऱ्या भुवया उमटलेल्या नसतात, त्यामुळे सगळी सारखीच दिसत होती. रुंद चोचीचे थापटे होते आणि एका कोपऱ्यात लांब मानेची दोन तलवार बदकं. ही सगळी हजारो किलोमीटरांवरून, मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेली. पूर्वी यांना हळदीकुंकूसकट एकाच अ‍ॅनास प्रजातीत घालत. डीएनए तपासल्यावर थापट्या आणि भुवई बदक वेगळे निघाले, तलवार बदक आणि चक्रांग मात्र अ‍ॅनासमध्येच राहिले. म्हणजे त्या तळ्यावर हळदीकुंकूचे जवळचे पाहुणे म्हणजे ती दोन तलवार बदकंच, बाकी सारे चुलत घराण्यातले. भाचीने हे वहीत झाडासारखं काढून घेतलं, फांद्यांसकट.

हळदीकुंकू होती, पण थोडी, आणि खाडीपासून सगळ्यात लांबच्या, पाणकणीस माजलेल्या तळ्यात. खाऱ्या पाण्यातही मोठी बदकं वेळ काढतात, डोळ्यांच्या वरच्या ग्रंथी जास्तीचं मीठ नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. गोड्या पाण्यातल्या बदकांच्या कोवळ्या पिल्लांना ते झेपत नाही. म्हणून खाडी कितीही मोठी आणि समृद्ध असली तरी या बदकाच्या दृष्टीने ती ओसरी आहे, माजघर तिकडे डोंगराजवळच्या तलावांपाशी. खाडीला मिळालेला दर्जा मोलाचा आहेच. पण तेवढ्याने या बदकाचं भागणार नाही.

दहा वाजता ऊन चढलं आणि आम्ही परतलो.

सोमवार, निर्मळ आणि गास

मुंबईची हद्द ओलांडली, पण वसईशिवाय ही गोष्ट अपुरी राहिली असती. विरार लोकलने नालासोपारा, तिथून एसटीने निर्मळ. कार्तिक वद्य एकादशीची जत्रा अजून लांब होती, तळ्याच्या काठी शांतता होती. माझ्या एका मैत्रिणीचं सासर याच भागातलं, केळी-सुपारीच्या वाडीतलं ख्रिस्ती कुटुंब. तिच्या सासूबाईंनी भाचीला हाताला धरून सरळ वाडीत नेलं, कारण तिथे त्यांची बदकं होती.

वाडीच्या मध्यावर बावखल. वसईत ही शेकडो वर्षांची रीत आहे. वाडीत खड्डा खणून पावसाचं पाणी साठवायचं, त्याच्यावर बागायत पिकवायची, आणि त्यानेच आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवायच्या. समुद्र हाकेवर असताना इथलं पाणी गोडं राहिलं ते या बावखलांमुळे. इमारती आल्या तशी अनेक बुजली. जी उरलीत त्यांचा गाळ काढून ती राखायला इथली माणसं पुढे आली आहेत, हे फार मोठं काम आहे.

त्या बावखलात पाळीव बदकं पोहत होती. दोन पांढरी, बाकी करडी. मादीने आवाज केला आणि भाची दचकून म्हणाली, "अगं, हा तर तोच आवाज! पवईचा!" आवाज तोच, कारण रक्त तेच. मस्कोव्ही बदक सोडलं तर जगातली जवळपास सगळी पाळीव बदकं मॅलार्डपासून आलेली. पांढऱ्या नराच्या शेपटीवर वर वळलेली दोन-तीन कुरळी पिसं होती. ती मॅलार्ड नराची खूण. माणसाने रंग बदलला, वजन वाढवलं, उडणं घालवलं, ती कुरळी पिसं मात्र राहिली. हळदीकुंकू नराला ती नसतात.

"नाताळात मोईल करतो यांचं," सासूबाई म्हणाल्या. "तू ये डिसेंबरात. पोरीला पण आण."

मोईल म्हणजे रस्सा हे कळल्यावर भाचीचा चेहरा जरा उतरला. त्या हसल्या नाहीत. तिला जवळ बसवून म्हणाल्या, "बाळा, पाळलेलं खायचं. रानातलं नाही. माझा सासरा बंदूक ठेवायचा, शिकारीला जायचा गासला. मग कायदा आला, बंदूक गेली. बरं झालं. तेव्हा थवा उठला की अंधार पडायचा, म्हणायचा तो."

त्यांना मी एक विनंती केली, आणि इथेही करते. पाळीव बदकं तलावात, नदीत सोडू नका. मॅलार्ड आणि त्याचे नातलग एकमेकांशी सहज जुळतात आणि त्यांची पिल्लंही पुढे वीण करतात. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणलेल्या मॅलार्डमुळे तिथलं मूळचं करडं बदक शुद्ध रूपात सापडणं मुश्कील झालंय. हवाईतल्या कोलोआला आणि फ्लोरिडातल्या मॉटल्ड डकला हाच धोका आहे. तळ्याला शोभा म्हणून सोडलेली दोन पांढरी बदकं निरुपद्रवी वाटतात. तरीही जिथे हळदीकुंकू नांदतं तिथे ती नकोतच.

दुपारी जेवून मैत्रिणीच्या दिरासोबत गासच्या पाणथळीकडे गेलो. भात कापून झालं होतं, खाचरांत अजून ओल होती आणि खाली पडलेले दाणे होते. उन्हं कलली तशी बदकं यायला लागली. आधी चार, मग सात, मग एक मोठा थवा. उडताना पंखाखालचं पांढरं अस्तर आणि काळसर पिसं एकाआड एक लखलखत होती. पवई, भांडुप आणि इथे मिळून पाहिलेल्यांत इथली संख्या कितीतरी मोठी होती. कारण समोरच होतं. पाणी उथळ, काठ उतरता, बांधांवर कमरेएवढं गवत आणि जवळच रात्रीचं खाणं.

दिरांनी स्वतःच्या खाचराचा एक बांध दाखवला. त्यावरचं गवत ते दसऱ्यापर्यंत कापत नाहीत. "एका साली कापताना घरटं निघालं," ते म्हणाले. "मादी हातभर अंतरावरून उडाली. अंडी तशीच राहिली, ती परत आली नाही. तेव्हापासून हा बांध सोडलाय. बाकीचे तीन कापतो, गुरांना तेवढं पुरतं."

हे ऐकून मला लेसन बेट आठवलं. हवाईच्या वायव्येचं हे एवढंसं बेट, तिथे मॅलार्डच्याच घराण्यातलं एक बदक राहतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ससे आणून सोडले, त्यांनी बेटावरची हिरवळ फस्त केली आणि बदकं जेमतेम डझनभर उरली. १९२३मध्ये ससे संपवले, गवत परत आलं, बदकंही सावरली. त्यांची शिकारही झाली होती. पण मोठा घाव बसला तो गवत गेल्याचा. दिरांना ही हकिगत सांगितली. ते म्हणाले, "मग दुसरा बांधपण सोडून बघतो पुढच्या साली."

परतीच्या गाडीत भाची वही काढून बसली. माहुलीपासून कृष्णेच्या वरच्या अंगाला घाटांच्या भिंती कुठे आहेत, मातीचा काठ कुठे शिल्लक आहे, याचा नकाशा करायचा आणि पावसाळ्यात कुठल्या काठावर किती कुटुंबं दिसतात ते दर आठवड्याला मांडायचं, असं तिने ठरवलंय. मी तिला एवढंच सांगितलं की आषाढात सुरुवात कर, पहाटे जा, आणि गवताच्या बेटांपासून लांब उभी राहून दुर्बिणीनेच बघ. मादी घरट्यावरून उठली की कावळे टपलेलेच असतात. आणि श्रावणात पिल्लं मोजशील तेव्हा भाद्रपदात तीच परत मोज, म्हणजे किती जगली ते कळेल.